हाली, कलदार आणि स्वाधारचे ४३ हजार : रुपया घसरतो तेव्हा कुणाचा खिसा कापला जातो?

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी नव्वदहून अधिक रुपये मोजावे लागू लागले आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, देश बुडाला. दुसरा म्हणतो, काही बिघडत नाही, उलट निर्यात वाढेल. दोघांच्या भांडणात कळंबच्या किंवा उमरग्याच्या वसतिगृहाबाहेर खोली करून राहणाऱ्या मुलाचा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्या मुलाने आयुष्यात डॉलर पाहिलेला नाही. त्याच्या शंभराच्या नोटेत किती तांदूळ येतो, किती तेल येते, मेसचे किती दिवस निघतात, एवढाच त्याचा रुपयाशी संबंध आहे.

आणि हाच प्रश्न खरा आहे. रुपयाची परदेशातली किंमत आणि रुपयाची घरातली खरेदीशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा दुसरीवर परिणाम होतो, पण त्या एक नाहीत. एका डॉलरला जवळपास दीडशे जपानी येन मिळतात. म्हणून जपान भारतापेक्षा गरीब ठरत नाही. जागतिक बँकेच्या हिशेबाने अमेरिकेत एका डॉलरला मिळणारी वस्तू किंवा सेवा भारतात सरासरी वीस-बावीस रुपयांत मिळते, कारण इथे न्हाव्याची मजुरी, घरभाडे, भाजी स्वस्त आहे. त्यामुळे नव्वद हा आकडा पाहून छाती बडवून घेण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी हेही खरे की देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, कच्चे तेल तर बहुतेक सगळे बाहेरूनच येते. सोयाबीन पिकवणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातल्या घरातही कढईत पडणाऱ्या तेलाचा भाव डॉलरशी बांधलेला असतो. डॉलर असा वळसा घालून आपल्या चुलीपर्यंत पोचतो.

आपल्या जिल्ह्याला तर हलक्या चलनाचा अनुभव नवा नाही. फक्त तो आपण विसरलो.

ज्याच्या नावाचा जिल्हा, त्याच्याच नावाचा सिक्का

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याला जे उस्मान नाव मिळाले होते, तेच नाव नाण्यालाही होते : उस्मानिया सिक्का. बोलण्यात त्याला हाली म्हणत. हाली म्हणजे चालू, सध्याचे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला मात्र आपल्याकडे कलदार हा शब्द होता, कलेवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. आजही गावातली एखादी नव्वदीची आजी ‘कलदार रुपया’ म्हणते तेव्हा तिच्या आवाजात थोडा मान असतो. तो मान उगीच नाही.

कलदार रुपयात जेवढी शुद्ध चांदी होती, त्याच्या साधारण सातवा हिस्सा कमी चांदी हाली रुपयात होती. म्हणून दर ठरला : सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी हिशेबात शंभर कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हैदराबाद हे स्वतःच्या कागदी नोटा काढणारे देशातले एकमेव संस्थान. १९१८ च्या कायद्याने नोटा सुरू झाल्या आणि त्यांवर उर्दू आणि इंग्रजीसोबत मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही रक्कम लिहिलेली असे. म्हणजे नोट आपल्या भाषेत बोलत होती. फक्त ती पलीकडच्या बाजारात कमी भरत होती.

पलीकडचा बाजार लांब नव्हता. बार्शी हा सोलापूर जिल्ह्यातला तालुका ब्रिटिश मुलुखात, आणि त्याच्या अंगाला लागून निजामाचा मुलूख. बार्शी लाईट रेल्वे बार्शीहून तडवळ्यामार्गे लातूरला जाई. एकाच दिवसाच्या प्रवासात माणूस एका चलनातून दुसऱ्या चलनात शिरत असे. सोलापूरच्या गिरणीत काम करणाऱ्याची मजुरी कलदार, गावी राहिलेल्या भावाची मजुरी हाली. सरहद्दीवर निजामाचे करोडगिरी नाके होते, तिथे मालावर जकात. आणि पैसे बदलून देणारा सराफ असेल तर त्याचा बट्टा वेगळा.

इथे नीट समजून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. हाली हलकी होती म्हणून निजामाची रयत गरीब होती का? नाही. मजुरीही हालीत, ज्वारीचा भावही हालीत, असे असेल तर सात काय आणि सहा काय, फरक पडत नाही. माणूस गरीब होता, कारण त्याची मजुरी ज्वारीच्या मानाने तोकडी होती. त्याच राज्याच्या धन्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने फेब्रुवारी १९३७ मध्ये जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले होते. हलक्या चलनाचा धनी जगात श्रीमंत आणि त्याच चलनात मजुरी घेणारा उपाशी. चलनाचा दर एकच, पण तो दोघांना सारखा लागू होत नव्हता.

पोलीस कारवाईनंतर, पन्नासच्या दशकात, हाली टप्प्याटप्प्याने बाद झाली आणि सगळीकडे एकच रुपया आला. बट्ट्याचा प्रश्न संपला. खरेदीशक्तीचा प्रश्न तसाच राहिला.

बाबासाहेबांनी काय विचारले होते

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे नाव आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. पुस्तक किती जणांनी उघडले, हा प्रश्न मी सभेत विचारत नाही, कारण मग सभा संपते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी लिहिलेला तो प्रबंध, १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने काढला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्यातले आकडे आणि तत्कालीन वाद बाजूला ठेवले तर मुद्दा सरळ आहे.

१८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली, तशी रुपयाची सोन्यातली किंमत उतरत गेली. इंग्लंडला पौंडात खर्च पाठवणाऱ्या सरकारला ते परवडेना. १८९३ मध्ये टांकसाळ लोकांसाठी बंद झाली, पण सरकारसाठी उघडीच राहिली. पुढे सरकारने रुपयाचा पौंडाशी दर धरून ठेवण्याची व्यवस्था बसवली. जॉन मेनार्ड केन्ससारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी त्याच्या विरुद्ध बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे की परदेशाशी दर स्थिर ठेवणे ही दुय्यम गोष्ट. देशातल्या माणसासाठी महत्त्वाचे हे की रुपयाला देशात काय मिळते, आणि ते स्थिर राहते का. सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडायची मुभा असेल तर किमती चढतील. म्हणून रुपये पाडण्यावर कायद्याचीच मर्यादा हवी, सरकारच्या मर्जीची नको.

त्यांनी यापुढचा प्रश्नही विचारला, आणि आपल्यासाठी तोच मोलाचा आहे. चलन स्वस्त झाले की ‘देशाचा’ फायदा होतो, असे तेव्हाही व्यापारी सांगत. बाबासाहेबांनी विचारले, देशातल्या कुणाचा? किमती आधी वाढतात, मजुरी मागून वाढते. मधल्या काळात मालक वाढलेल्या भावाने विकतो आणि जुन्या दराने मजुरी देतो. म्हणजे निर्यातदाराला मिळालेला फायदा आकाशातून पडत नाही. तो मजुराच्या ताटातून उचललेला असतो. देशाच्या खात्यात नफा दिसतो, पण तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला असतो.

या प्रश्नामागे त्यांनी पाहिलेले युरोपही असावे असे मला वाटते. १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, तेव्हा जर्मन मार्क कोसळत होता. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क असा दर झाला. त्या वेळी ज्यांच्याकडे कारखाने आणि जमिनी होत्या ते तरले. ज्यांच्याकडे पगार, पेन्शन आणि बँकेतली शिल्लक होती ते रस्त्यावर आले.

आता एक अप्रिय गोष्ट. ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली’ असे पोस्टर दर एप्रिलमध्ये फिरते. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, त्या आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. एवढे निर्विवाद आहे. त्यापलीकडे जाऊन एका माणसाने बँक स्थापन केली म्हणणे इतिहासाला धरून नाही, आणि बाबासाहेबांना त्याची गरजही नाही. त्यांच्या पुस्तकाचा गाभा बँकेची इमारत हा नव्हताच, चलनावर लगाम हा होता. तो लगाम कायद्यात यायला २०१६ उजाडले. त्या वर्षी रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के खाली-वर, एवढीच ठेवायची जबाबदारी बँकेवर आली. पोस्टर काढायचेच असेल तर याचे काढावे.

चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण दरसाल चार टक्क्यांनी भाव वाढत गेले तर अठरा वर्षांत ते दुप्पट होतात. सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत. म्हणजे सगळे ‘नियमात’ चालले असतानाही, पहिलीत गेलेले मूल पदवीधर होईपर्यंत जुन्या शंभराच्या नोटेची किंमत निम्म्याच्या आसपास येते.

धान्याकडून रोखीकडे

गावगाड्यात महार, मांग या जातींना मोबदला मिळे तो बलुत्याचा, धान्याचा. तो अपमानाचा होता, मागून घ्यायचा होता, आणि अपुरा होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक आणले. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्याच कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी गावकीची कामे सोडली, मेलेली जनावरे ओढणे सोडले, बलुते नाकारले. माणूस म्हणून उभे राहायचे तर ते सोडावेच लागणार होते.

पण आर्थिक बाजूने त्याचा एक परिणाम झाला, ज्याकडे आपण फारसे पाहिले नाही. धान्याचा मोबदला कितीही तुटपुंजा असला तरी त्याला महागाई लागत नाही. पायलीभर ज्वारी ही भाव वाढला तरी पायलीभरच राहते. रोख मजुरीचे तसे नाही. बलुते सोडलेला आणि जमीन नसलेला समाज पूर्णपणे रोखीवर आला. म्हणजे रुपयाची खरेदीशक्ती हा ज्यांच्या पोटाशी सर्वांत जवळ आलेला प्रश्न आहे, त्यात आपण पुढच्या रांगेत आहोत. ज्याच्याकडे वावर आहे, प्लॉट आहे, सोने आहे, त्याची मालमत्ता महागाईबरोबर फुगते. ज्याच्याकडे फक्त दोन हात आणि खिशातली नोट आहे, त्याची नोट रोज थोडी झिजते.

आपल्या भागातल्या सालगड्याकडे पाहा. पाडव्याला साल ठरते, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. मधे तेल वाढो, गॅस वाढो, आकडा तोच. जुनी माणसे सालात रोख रकमेसोबत ज्वारीची पोती आणि कपडे ठरवून घेत, ते अडाणीपणाने नव्हे. सालाचा निदान एक हिस्सा महागाईपासून वाचवण्याची ती गावठी तजवीज होती. आता बहुतेक ठिकाणी सगळे रोख झाले.

ऊसतोडीचे गणित आणखी टोकदार आहे. अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते की महागाईत कर्जदाराचा फायदा होतो, कारण जुने कर्ज तो हलक्या झालेल्या पैशात फेडतो. ते खरे, पण कर्जदाराचे उत्पन्न वाढत असेल तर. वाशी, भूम, परंड्याहून निघणारी जोडी उचल घेते ती रुपयात, आणि फेडते ती टनात. टनाचा दर कराराने काही वर्षांसाठी बांधलेला. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटनांमध्ये ३४ टक्के दरवाढीचा करार झाला तेव्हा बातम्यांत ‘घसघशीत वाढ’ असा मथळा होता. मागच्या वर्षांत जे झिजले होते त्यातले किती भरून आले आणि खरी वाढ किती, हा हिशेब मथळ्यात नव्हता. दर स्थिर आणि भाव चढते असले की कोयता जास्त चालवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. शेतकऱ्याचेही फार वेगळे नाही : २०२१ च्या पावसाळ्यात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेले सोयाबीन २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकावे लागले, आणि त्या तीन वर्षांत त्याच्या घरखर्चातली एकही गोष्ट अर्ध्यावर आली नाही.

आपल्या चळवळीला हे एकेकाळी पक्के माहीत होते. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. त्याची आठवण आपण भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून ठेवतो. पण मागण्यांच्या यादीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र होते, पडीक जमीन होती, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती होत्या, आणि त्यांच्याच बरोबरीने धान्याचे पुरेसे वाटप आणि वाढत्या किमतींवर नियंत्रण होते, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी होती. हजारोंनी अटक करून घेतली. तैलचित्र लागले. सवलती मिळायला १९९० उजाडले. किमतींची मागणी मात्र हळूहळू आपल्या निवेदनांतून गळून गेली.

५८ टक्के कुणाला आणि शून्य कुणाला

आता आजचा हिशेब करू. सरकारला महागाई कळत नाही असे नाही. चांगली कळते. सातव्या वेतन आयोगाचे वेतन १ जानेवारी २०१६ पासून धरले आहे. त्यानंतर दर सहा महिन्यांनी निर्देशांक पाहून महागाई भत्ता वाढवला जातो. जुलै २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता मूळ वेतनाच्या ५८ टक्के झाला. याचा अर्थ असा की सरकारने स्वतःच मान्य केले, जानेवारी २०१६ मध्ये जे शंभर रुपयांत येत होते त्याला आता १५८ लागतात. आपल्या समाजातले जे बांधव नोकरीत आहेत त्यांना हा भत्ता मिळतो, मिळालाच पाहिजे. तो कुणी खैरात म्हणून दिलेला नाही, संघटनांनी लढून मिळवला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना त्याच सुमाराची, २०१६-१७ ची. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना भोजन, निवास आणि निर्वाह यासाठी वर्षाला रोख रक्कम. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, बाकीच्या जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. धाराशिवला महापालिका नाही, म्हणून आपल्या मुलांना ४३ हजार. पुढची कित्येक वर्षे हेच आकडे चालत राहिले.

सरकारचाच ५८ टक्क्यांचा माप घ्या आणि ४३ हजाराला लावा. ६७,९४० रुपये होतात. म्हणजे २०१६ मधली मुलगी ज्या दर्जाचे जेवण आणि खोली घेऊ शकत होती तेवढेच आज घ्यायचे तर जवळपास अडुसष्ट हजार हवेत. उलट बाजूने पाहिले तर आजच्या ४३ हजारांत तेव्हाच्या सव्वासत्तावीस हजारांएवढेच येते. योजनेत कपात झाल्याचा कुठलाही शासन निर्णय निघालेला नाही. कुणी मोर्चा काढला नाही, कारण मोर्चा काढण्यासारखे काही घडलेच नाही. रक्कम तीच राहिली आणि एक तृतीयांशाहून अधिक रक्कम गायब झाली. हाली आणि कलदारच्या काळात निदान बट्टा समोर बसून कापला जाई.

उत्पन्नाच्या मर्यादेचे प्रकरण याहून वाईट आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३-१४ पासूनची आहे. २०२१ मध्ये योजनेचे नवे नियम आले, मर्यादा तीच ठेवली. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला १०० धरला तर २०१३-१४ मध्ये तो ११२ च्या आसपास होता आणि २०२४ च्या अखेरीस १९५ च्या. या हिशेबाने तेव्हाचे अडीच लाख म्हणजे आजचे सव्वाचार लाखांहून थोडे जास्त. आता एक साधे घर डोळ्यांपुढे आणा. आई-वडील दोघेही मजुरी करतात, रोज पाचशे, वर्षात दोनशे साठ दिवस काम मिळाले. उत्पन्न दोन लाख साठ हजार. घरात एक पत्रा नवा आलेला नाही, पण तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर हे कुटुंब आता शिष्यवृत्तीच्या ‘वर’ गेले. रुपया हलका झाला म्हणून मजुरीचा आकडा फुगला, आणि फुगलेल्या आकड्याने मुलीला यादीतून बाहेर काढले. मर्यादा न वाढवणे म्हणजे दरवर्षी काही मुलांना गुपचूप वगळणे.

मर्यादा वाढवता येत नाहीत असे नाही. इतर मागासवर्गीयांसाठीची क्रीमी लेअरची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख होती. ती २००४, २००८, २०१३ आणि २०१७ अशी चार वेळा वाढून आठ लाखांवर आली. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण आले ते थेट आठ लाखांच्या मर्यादेने. हे सांगतो ते कुणाच्या ताटाकडे बोट दाखवायला नाही. आरक्षणाची मर्यादा आणि शिष्यवृत्तीची मर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मान्य. मुद्दा एवढाच की ‘दुर्बल’ कोण हे ठरवताना सरकार एका ठिकाणी आठ लाखांची रेघ ओढते आणि दुसऱ्या ठिकाणी अडीच लाखांची.

म्हाताऱ्या माणसांचे तर विचारूच नका. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. हा आकडा जवळपास दोन दशके जागचा हललेला नाही. एवढ्या काळात भाव तिपटीच्या आसपास गेले. राज्याने आपली भर घालून २०२३ मध्ये रक्कम १,५०० केली म्हणून लाज राहिली. पण संजय गांधी निराधार योजनेच्या सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार राहिली आहे. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा एका दिवसाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे कुटुंबात एकाच माणसाने वर्षात अडुसष्ट दिवस रोजगार हमीचे काम केले की ते कुटुंब कागदावर निराधार राहत नाही. मग तलाठ्याकडून खोटा दाखला घ्यावा लागतो, आणि खोट्या दाखल्यासाठी कुणाच्या तरी पाया पडावे लागते. जुनाट आकड्याने माणसाला लाचार कसे केले जाते ते इथे दिसते.

काय मागायचे

‘रक्कम वाढवा’ ही मागणी अपुरी आहे. रक्कम एकदा वाढेल, फोटो निघतील, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा झिजायला लागेल. मागणी अशी हवी की शासन निर्णयातच एक वाक्य यावे : ही रक्कम आणि ही उत्पन्न मर्यादा दरवर्षी १ एप्रिलला ग्राहक किंमत निर्देशांकानुसार आपोआप वाढेल. हे काही अशक्यप्राय नाही. रोजगार हमीच्या मजुरीचा दर शेतमजुरांच्या निर्देशांकाशी जोडलेला होता, म्हणूनच २०२४-२५ मधले २९७ रुपये पुढच्या वर्षी ३१२ झाले. वाढ तुटपुंजी आहे, त्यावर वेगळे भांडावे लागेल, पण दरवर्षी नव्याने मोर्चा काढावा लागला नाही.

हिशेब करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जुनी रक्कम घ्यायची, आजच्या निर्देशांकाने गुणायची, ज्या वर्षी ती ठरली त्या वर्षीच्या निर्देशांकाने भागायची. निर्देशांक केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला जाहीर करते. दोन्ही आकडे एकाच मालिकेतले हवेत. पायाभूत वर्ष बदलले असेल तर मंत्रालयाने दिलेला जोड गुणक लावायचा, नाहीतर समोरचा अधिकारी पहिल्याच ओळीत निवेदन बाजूला ठेवेल. विहारात पंधरा-वीस मुलांना बसवून हे एका दुपारी शिकवता येते. त्याच बैठकीत मुलांकडून मेसचे आणि खोलीच्या भाड्याचे दोन-तीन वर्षांचे आकडे लिहून घ्यावेत, पावत्या असतील तर त्यांच्या प्रती जोडाव्यात. देशाचा सरासरी निर्देशांक एक बोलतो आणि धाराशिव शहरातले खोलीभाडे कधीकधी वेगळे बोलते. निवेदनात दोन्ही असले की उत्तर देणे टाळता येत नाही. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यात स्वाधारसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि पैसे कोणत्या महिन्यात जमा झाले, हे माहितीच्या अधिकारात मागवता येते. उशिरा मिळालेला पैसा हाही हलका झालेला पैसाच असतो.

निवेदन कुणाला द्यायचे याचीही गल्लत होते. स्वाधारची रक्कम राज्याचा सामाजिक न्याय विभाग ठरवतो. जिल्ह्यात त्याचे दार म्हणजे समाजकल्याण सहायक आयुक्तांचे कार्यालय. शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची, म्हणून ते पत्र खासदारांमार्फत दिल्लीला गेले पाहिजे. निराधारची २१ हजारांची मर्यादा पुन्हा राज्याची. आणि वृद्धापकाळाचे ते २०० रुपये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या खात्यात येतात, सामाजिक न्यायच्या नाही. त्यामुळे चारही मागण्या एकाच कागदावर लिहून जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात देऊन फोटो काढला तर तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलाचा राहत नाही.